रोपाची उंची मोजता, मुळे कोण पाहणार?

शहरातले झाड तोडायचे असेल तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, ही रोपे लावतानाच सहा ते आठ फूट उंच असावीत, त्यांचे जिओ-टॅगिंग व्हावे आणि ती सात वर्षे जगवावीत, अशा तरतुदी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्य केल्या. नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात सुधारणा करताना घेतलेल्या या निर्णयामागचा हेतू चांगला होता. हातभर काडी खड्ड्यात खोचायची, फोटो काढायचा आणि हिशेब मिटवायचा, या प्रकाराला त्यातून आळा बसेल अशी अपेक्षा होती. पण या अटी पुन्हा वाचल्या की एक उणीव खटकते. त्यांत रोपाची उंची आहे, जागा आहे, जगण्याची मुदत आहे. ज्यावर त्याचे जगणे ठरते ती मुळे मात्र नाहीत. ग्रामीण भागातील लागवडीचीही तीच गत. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे राज्याने ठेवली. त्यांवरची चर्चा, आरोप-प्रत्यारोप आणि चौकशीच्या मागण्या किती लावली आणि किती जगली या दोन आकड्यांभोवतीच फिरत राहिल्या. रोप कशात वाढवले होते, किती महिने त्यात अडकून पडले होते आणि खड्ड्यात उतरले तेव्हा त्याच्या मुळांची अवस्था काय होती, हे क्वचितच कोणी विचारले. वास्तविक रोपवाटिकेतले भांडे आणि त्यातला मुक्काम यांवर मुळांची घडण ठरते आणि एकदा बिघडलेली घडण नंतर सहसा दुरुस्त होत नाही. म्हणून रोपांच्या सरकारी खरेदीत उंचीच्या आधी मुळांची अट यायला हवी.

बी रुजते तेव्हा पहिल्यांदा मूळ बाहेर पडते. कडुनिंब, खैर, बाभूळ, मोह, आंबा अशा झाडांचे सोटमूळ पहिल्या काही आठवड्यांत सरळ खाली जाते. वर जेमतेम चार पाने दिसत असतात तेव्हा जमिनीखालचा पसारा त्याहून मोठा असतो. मोकळ्या जमिनीत त्याला अडवणारे कोणी नसते. काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत मात्र ते लवकरच तळाला टेकते. पिशवीची भिंत गुळगुळीत असते, तिला ना कंगोरा ना खाच, त्यामुळे तळाला लागलेले मूळ तिच्या कडेने वळते. बाजूची मुळेही आडवी वाढत भिंतीपर्यंत येतात आणि गोल फिरू लागतात. पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाची पिशवी ब्लेडने उभी कापावी आणि मातीचा गड्डा बादलीभर पाण्यात हलक्या हाताने धुवावा, म्हणजे सगळे चित्र स्पष्ट होते. मधल्या मातीत मुळे विरळ, सगळी गर्दी प्लास्टिकला चिकटून, आणि तळाशी सोटमुळाने घातलेले चकलीसारखे वेटोळे. काही रोपांचे सोटमूळ वरच्या बाजूलाच आकड्यासारखे वाकलेले सापडते. गादीवाफ्यावरचे कोवळे रोप पिशवीत लावताना बोटाने पाडलेले भोक उथळ राहिले आणि मूळ त्यात दुमडून कोंबले गेले, याची ती खूण असते. पिशवी जमिनीवर ठेवलेली असेल तर तिच्या भोकांतून मुळे खालच्या मातीत शिरतात. मग रोप पिशवीवर जगते आहे की खालच्या जमिनीवर, हे वरून कळत नाही. ट्रकमध्ये भरण्यासाठी पिशवी उचलली की ही मुळे तुटतात आणि काल टवटवीत दिसणारे रोप चार दिवसांत मान टाकते. पिशव्या ठरावीक काळाने जागेवरून हलवण्याची रोपवाटिकांतली पद्धत याचसाठी आहे. पण मजूर कमी पडले की सगळ्यात आधी टळते ते हेच काम.

या वेटोळ्यांचे परिणाम दोन टप्प्यांत दिसतात. पहिला टप्पा महाराष्ट्राच्या पावसाशी बांधलेला आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने ओले आणि पुढचे आठ जवळपास कोरडे. जुलैत लावलेल्या रोपाला परतीचा पाऊस संपेपर्यंत जी मुदत मिळते, तेवढ्यात त्याने मूळ इतके खोल न्यायला हवे की मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर कोरडा ठणठणीत झाला तरी खालची ओल हाती लागेल. ज्याची मुळे सरळ खाली जाणारी आणि टोकाशी जिवंत आहेत, ते रोप लावल्यापासून काही दिवसांत खड्ड्याच्या मातीत उतरते. ज्याची मुळे स्वतःभोवतीच फिरत आहेत, ते आधी पिशवीच्या आकाराच्या गड्ड्यातच रेंगाळते. पावसाळ्यात दोन्ही रोपे हिरवीगार दिसतात, म्हणून ऑक्टोबरच्या पाहणीत दोन्ही जिवंत म्हणून मोजली जातात. फरक उघडा पडतो तो उन्हाळ्यात, आणि तेव्हा दोष पाण्याला, मुरमाड जमिनीला किंवा राखणदाराला दिला जातो. दुसरा टप्पा दहा-वीस वर्षांनी येतो. पिशवीत गोल फिरलेली मुळे जाड होत जातात, तसा बुंधाही जाड होतो आणि दोघे एकमेकांवर दाबू लागतात. बुंध्याला विळखा घातलेले मूळ अन्नरसाची वाट आवळते आणि चारी दिशांना पसरलेल्या मुळांचा आधार नसल्याने झाड वादळात उभे राहू शकत नाही. रोप पुरवणाऱ्याचे बिल तोवर कधीच निघालेले असते.

उंचीची अट आणि मुळांचे आरोग्य यांच्यातला विरोध इथेच सुरू होतो. झाडे मोठ्या भांड्यात जास्त वाढतात, यात वाद नाही. २०१२ मध्ये हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी कुंडीच्या आकारावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. कुंडीचे आकारमान दुप्पट केले की वनस्पतीचे एकूण वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे लहान पिशवी वाढ खुंटवते, हे रोपवाटिकेतल्या माणसांना अनुभवाने ठाऊक असलेले सत्य विज्ञानही सांगते. पण यातून उंच रोप चांगले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. भांडे मोठे असेल तर मुळे भिंतीला उशिरा लागतात, हा त्याचा खरा लाभ. लागल्यावरही रोप तिथेच ठेवले तर मोठी पिशवी वेटोळेही मोठेच देते. आपल्या सरकारी रोपवाटिकांत लहान पिशवीतले ९ महिन्यांचे आणि मोठ्या पिशवीतले १८ महिन्यांचे रोप अशी सर्वसाधारण विभागणी असते. पाऊस लांबला, उद्दिष्ट बदलले किंवा उचल झाली नाही की हीच रोपे आणखी एक वर्ष तिथेच राहतात. उंची वाढते, पानोरा वाढतो, दरही वाढतो. त्याच काळात मुळे मात्र जागेअभावी एकमेकांत गुंततात. सहा-आठ फुटांची अट घालून आपण नकळत अशा थांबून राहिलेल्या रोपांनाच पहिली पसंती देतो.

यावरचे उपाय नवे नाहीत. अमेरिकेतील उद्यानतज्ज्ञ कार्ल व्हिटकॉम्ब यांनी काही दशकांपूर्वी दुधाच्या कागदी खोक्यांचे तळ काढून त्यांत रोपे वाढवली आणि ती अशा रीतीने उंचावर ठेवली की तळाशी हवा खेळती राहील. मूळ तळातून बाहेर डोकावले की कोरड्या हवेत त्याचे टोक सुकते, पुढची वाढ थांबते आणि त्याच्या मागच्या भागातून नवी बाजूची मुळे फुटतात. शेंडा खुडल्यावर फांद्या फुटतात तोच हा नियम, फक्त जमिनीखालच्या बाजूला. हवेने होणारी ही छाटणी आणि भिंतीच्या आतून उभे कंगोरे, या दोन गोष्टींवर रूट ट्रेनर नावाचे भांडे उभे आहे. कंगोऱ्याला अडलेले मूळ गोल न फिरता खाली वळते, तळाच्या भोकाशी येऊन थांबते आणि मागे नवी मुळे तयार होतात. नीट वाढलेले रोप रूट ट्रेनरमधून उपसले की गड्डा न फुटता अख्खा बाहेर येतो. त्यावर वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या मुळांच्या रेघा दिसतात आणि तळाशी सुकलेली तपकिरी टोके. जागतिक बँकेच्या आशिया विभागाने १९९२ मध्येच उष्ण कटिबंधातील वनीकरणासाठी रूट ट्रेनर वापरण्याबद्दल स्वतंत्र पुस्तिका काढली होती. ब्राझीलमधील निलगिरीची अफाट लागवड जेमतेम ५० घनसेंटिमीटरच्या नळ्यांत वाढवलेल्या रोपांवर उभी आहे. आपल्याकडे भद्राचलमच्या कागद कारखान्याने १९८९ मध्ये सुरू केलेल्या निलगिरीच्या क्लोन कार्यक्रमातही रूट ट्रेनर वापरले गेले. या यशात निवडक क्लोनचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करावे लागेल. पण उत्तम क्लोन हाती असलेल्यांनीही भांड्याकडे दुर्लक्ष केले नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

झाडे अशा दोषांतून सावरतात, निसर्ग आपला मार्ग काढतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. स्वीडनमध्ये भांड्यांत वाढवलेल्या स्कॉट्स पाइनच्या लागवडींचा आणि आपोआप उगवलेल्या झाडांचा तुलनात्मक अभ्यास झाला. लहान वयाच्या लागवडीत भांड्यातली झाडे कमी स्थिर निघाली. वीसेक वर्षांच्या झाडांत स्थिरतेतला हा फरक बराच कमी झालेला दिसला. मुळांची विकृती मात्र गेलेली नव्हती आणि बुंध्याच्या वाकडेपणातही तिची छाप उरली होती. म्हणजे काही झाडे सावरतात, पण त्यासाठी वर्षे खर्ची पडतात आणि लाकडाचा दर्जा त्याची किंमत मोजतो. शिवाय सावरण्याची ताकद सगळ्या झाडांत सारखी नसते. वड, पिंपळ, उंबर सहज नवी मुळे फोडतात; सोटमुळावर भिस्त असलेल्या झाडांना ते तितके सोपे नाही. आणि स्वीडनमध्ये निदान आठ महिने कोरडे नसतात. तिथल्या झाडाला दोष भरून काढायला जी सवड मिळते, ती मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या हलक्या जमिनीतल्या रोपाला पहिल्या उन्हाळ्याआधी मिळत नाही.

मुळांचा विचार आपल्या मातीला परका नाही, हे सागावरून कळते. सागाची लागवड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जडी लावून होत आली. गादीवाफ्यावर वर्षभर वाढलेले रोप उपटायचे, वरचे खोड दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापायचे, मूळ साधारण वीतभर ठेवून छाटायचे, बाजूची मुळे खुडायची आणि पहारीने पाडलेल्या भोकात ती जडी घट्ट बसवायची. पिशवी नाही, मातीचा गड्डा नाही, तरीही झाड उभे राहते. यामागचे कारण असे की मूळ मोकळ्या वाफ्यात सरळ वाढलेले असते आणि ताज्या कापातून नवी मुळे फुटतात. आंब्याच्या बाबतीतही हीच जाण दिसते. कोय आधी खड्ड्यातच रुजवायची आणि नंतर जागेवर कलम बांधायचे, या पद्धतीत सोटमूळ एकदाही अडत नाही, म्हणून कातळावरच्या आणि कोरडवाहू बागांसाठी ती मोलाची मानली जाते. प्रत्येक झाडासाठी या पद्धती चालणार नाहीत. बिया थेट जमिनीत टाकल्या तर उंदीर, किडे आणि पावसाची उघडीप यांत बरेच बी वाया जाते. जडी लावण्याची सहनशक्ती सागासारख्या थोड्याच झाडांत आहे. पण जिथे मुळाला मोकळीक मिळाली तिथे निकाल चांगला आला, हा धडा दोन्ही उदाहरणांत सारखाच आहे. भांड्यात रोप वाढवणे अटळ असेल तिथे हीच मोकळीक भांड्याच्या रचनेतून द्यायची असते.

आता वजनदार आक्षेपांकडे वळू. लागवडीची रोपे मरतात ती मुख्यतः चराईने, वणव्याने, पाण्याअभावी आणि राखण नसल्याने. अशा वेळी पिशवीचा आकार ही फार लांबची गोष्ट झाली, असे वनीकरणात काम करणारे म्हणतात. त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग शंभर टक्के बरोबर आहे. कुंपण नसलेल्या गायरानावर उत्तम मुळांचे रोपही शेळीच्या तोंडी जाते. पण यातून मुळे दुय्यम ठरत नाहीत, उलट त्यांचे मोल वाढते. खड्डा खणणे, खत-माती भरणे, कुंपण, टँकर, राखणदार यांवर होणारा खर्च रोपाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. हा सगळा खर्च वेटोळ्या मुळांच्या रोपावर केला तर तो पाण्यात जातो. दुसरे असे की बाकीच्या चुका नंतर सुधारता येतात. पाणी कमी पडले तर देता येते, कुंपण मोडले तर बांधता येते, तण माजले तर काढता येते. जमिनीत गेलेले वाकडे सोटमूळ सरळ करायला मात्र कोणी खड्डा उकरत नाही. ज्या दोषाला दुरुस्तीची संधी नाही, तो आधीच टाळणे शहाणपणाचे. आणि तो टाळण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे रोपवाटिका.

दुसरा आक्षेप खर्चाचा. रूट ट्रेनर, त्यांचे स्टँड, कोकोपीट किंवा कुजलेले कंपोस्ट, शेडनेट, तुषार सिंचन हे सारे भांडवल मागते. पिशवी काही पैशांत येते, माती गावातच मिळते आणि बचत गटाच्या महिलांना अंगणात पाच-दहा हजार पिशव्या भरून चार पैसे मिळवता येतात. हा रोजगार हिरावून घेणारी सुधारणा कोणालाच नको. पण खर्च रोपामागे मोजायचा की जगलेल्या झाडामागे, हे आधी ठरवायला हवे. रूट ट्रेनर अनेक हंगाम वापरता येतो, पिशवी एकदाच. लिटरभर मातीची पिशवी किलोच्या पुढे वजन भरते, तर २५० घनसेंटिमीटरच्या रूट ट्रेनरमधला कोकोपीटचा गड्डा पाव किलोच्या आतबाहेर. डोंगरावरच्या समतल चरांपर्यंत रोपे डोक्यावरून नेणाऱ्या मजुराला आणि ट्रकच्या भाड्यालाही हा फरक कळतो. प्लास्टिकचा हिशेब वेगळाच. एका पिशवीचे वजन अवघे दोन ग्रॅम धरले तरी ३३ कोटी पिशव्यांचे ६६० टन प्लास्टिक होते, आणि ते बहुतेक खड्ड्याच्या कडेलाच पडून राहते. ज्यांना रूट ट्रेनर परवडत नाही त्यांनाही बरेच काही करता येते. पिशव्या जमिनीवर न ठेवता बांबूच्या किंवा जाळीच्या मांडवावर ठेवणे, तळ उघडा असलेल्या पिशव्या वापरणे, आकड्यासारखे मूळ असलेली रोपे सुरुवातीलाच काढून टाकणे आणि मुदत संपलेली रोपे विकायला न काढणे, यांत पैशापेक्षा शिस्त लागते. बचत गटांना चांगल्या मुळांसाठी चढा दर दिला तर ही शिस्त त्यांच्या फायद्याचीही ठरेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो शेतात उभे राहून घेतलेला आहे. रूट ट्रेनरमधले वीतभर रोप कोरडवाहू माळावर टिकत नाही, तणात हरवते, आठ दिवसांची उघडीप पडली की वाळते. हे खरे आहे, आणि रूट ट्रेनरला सर्वत्र एकच औषध म्हणून विकणाऱ्यांनी ते ऐकले पाहिजे. भांडे जागेनुसार निवडावे लागते. पाण्याची सोय असलेल्या शेताच्या बांधावर लहान रूट ट्रेनर चालेल. दुष्काळी माळरानावर खोल आणि मोठे भांडे लागेल. स्पेनमध्ये बूच देणाऱ्या ओकची रोपे नेहमीच्या भांड्यांत आणि सुमारे ३० सेंटिमीटर खोल भांड्यांत वाढवून पाहिली गेली, तेव्हा खोल भांड्यातल्या रोपांची मुळे जमिनीत अधिक खोलवर उतरली. कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशासाठी हा निष्कर्ष आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. वेळेचे भान तर सगळ्याच भांड्यांना लागू आहे. रूट ट्रेनरमध्येही रोप मुदतीपलीकडे ठेवले तर मुळे दाटून गड्डा लाकडासारखा घट्ट होतो. शेणाच्या, कागदाच्या किंवा नारळाच्या काथ्याच्या कुंड्यांनाही हाच नियम. मुळे भिंत भेदून बाहेर पडत असतील तरच त्या कुंडीचा उपयोग. जाड, कोरडी, न कुजणारी कुंडी खड्ड्यात पुरली की तीही भिंतच ठरते. नैसर्गिक आहे म्हणून ती आपोआप चांगली होत नाही.

शहरांची अडचण वेगळी आहे, हेही मान्य. रस्त्याच्या कडेला वीतभर रोप लावून भागत नाही. गाड्या, गुरे, फेरीवाले आणि खोडकर हात यांतून वाचायला ते उंच हवे. प्रश्न उंचीचा नसून ती कशी मिळवली याचा आहे. लहान भांड्यातून योग्य वेळी मोठ्या भांड्यात, तिथून आणखी मोठ्या भांड्यात, अशी पायरीपायरीने वाढवलेली आणि प्रत्येक पायरीला कडेची फिरलेली मुळे छाटलेली आठ फुटी रोपे तयार करता येतात. फ्लोरिडा विद्यापीठातील एड गिलमन यांनी गड्ड्याच्या बाहेरचा साधारण इंचभर थर मुळांसकट तासून काढण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. त्यातून गोल फिरणारी मुळे नाहीशी होऊन नवी मुळे सरळ बाहेर जातात. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये शहरी लागवडीच्या रोपांसाठी स्वतंत्र मानक आणले, त्यात वरच्या भागाबरोबर मुळांच्या गड्ड्याचीही तपासणी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात मुंबई-पुण्यात झाड कोसळले की काँक्रीट, खोदकाम आणि तोडलेली मुळे यांकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी २०१३ मध्ये दिला होता. पण कोसळलेल्या झाडाचा बुंधा करवतीने कापून ट्रकमध्ये टाकण्याआधी त्याच्या मुळांची पाहणी करून नोंद ठेवली, तर त्यांतली किती झाडे रोपवाटिकेतला दोष घेऊन वाढली होती, हे महापालिकांना काही वर्षांत स्वतःच्याच नोंदींवरून समजेल. या कामाला नवा निधी लागत नाही.

मग नेमके काय बदलायचे? रोपांच्या निविदेत आणि दरपत्रकात आज पिशवीचा आकार, रोपाचे वय आणि उंची यांवर दर ठरतो. त्यात चार गोष्टी घालाव्यात. पहिली, भांड्याचा प्रकार, खोली आणि आकारमान, आणि ते लागवडीच्या जागेला साजेसे आहे याचे एका ओळीचे कारण. दुसरी, प्रत्येक गटावर पेरणीची आणि भांडे बदलल्याची तारीख, म्हणजे मुदत उलटलेले रोप लपणार नाही. तिसरी, उंचीबरोबर बुंध्याची जाडी. सेंटिमीटरमधली उंची भागिले जमिनीलगतची मिलिमीटरमधली जाडी, हे गुणोत्तर साधारणपणे सहाच्या आत असावे, असे रोपवाटिकाशास्त्र सांगते. ६० सेंटिमीटर उंचीच्या रोपाचा बुंधा सहा मिलिमीटर असेल तर ते दहावर जाते आणि रोप लुकडे ठरते. डिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्येच उंची, जाडी आणि मुळांचे वजन एकत्र धरणारा दर्जा-निर्देशांक मांडला होता. तेव्हा मोजमापाची साधने नाहीत, ही सबब चालणार नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माल ताब्यात घेताना प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून काही रोपे निवडावीत, त्यांची मुळे धुवावीत आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त रोपांत वेटोळे निघाले तर पूर्ण गट नाकारावा. धान्याचा नमुना तपासल्याशिवाय सरकार धान्य घेत नाही. मग पुढची पन्नास वर्षे उभे राहायचे आहे ते रोप न तपासता का घ्यावे? नागरी कायद्यातील उंचीची अट ठेवायची असेल तर ठेवा, पण मुळांच्या तपासणीच्या जोडीने ठेवा.

तपासणी कागदावरच राहील, रोपवाटिकेचा माणूस आणि तपासणारा एकाच खात्याचा असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून शेवटचा पुरावा जमिनीवरचा हवा. कोणत्या भांड्यातली, किती महिन्यांची रोपे कुठे लावली आणि तीन उन्हाळ्यांनंतर त्यांतली किती जगली, ही माहिती जिओ-टॅगिंगच्या यंत्रणेत जोडून लोकांसमोर ठेवावी. असे झाले तर कोणत्या जिल्ह्यात कोणते भांडे चालते, याचे उत्तर परदेशातल्या प्रयोगांत शोधण्याची गरज उरणार नाही. कृषी विद्यापीठे आणि वन विभाग यांनी मिळून खैर, मोह, कडुनिंब, अर्जुन अशा स्थानिक झाडांवर हे काम केले तर बियाणे प्रमाणीकरणाप्रमाणे रोपांचेही प्रमाणीकरण राज्यात उभे राहू शकेल. भाजीपाल्याच्या रोपांत आपण ही शिस्त केव्हाच स्वीकारली आहे. टोमॅटो किंवा मिरचीची रोपे घेताना शेतकरी प्रोट्रेमधले एक रोप उपसून पांढऱ्या मुळांनी भरलेला गड्डा पाहतो, मगच सौदा पक्का करतो. चार महिन्यांच्या पिकासाठी जी चौकशी तो करतो, ती चार पिढ्यांच्या झाडासाठी सरकारनेही करावी.

तोवर शाळा, गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायती आणि वाढदिवसाला झाड लावणाऱ्या प्रत्येकाला आजपासूनच काही गोष्टी करता येतील. रोपवाटिकेत सगळ्यात उंच रोप मागू नका. बुंधा जाड आणि उंची बेताची असलेले रोप मागा आणि त्याची पेरणी केव्हा झाली ते विचारा. एक पिशवी कापून मुळे दाखवायला सांगा. खड्ड्याशी आल्यावर पिशवी पूर्ण काढा, ती कितीही पातळ असली तरी. गड्ड्याच्या तळाचे वेटोळे धारदार कात्रीने किंवा विळ्याने कापून टाका आणि कडेने फिरलेल्या मुळांवर तीन-चार ठिकाणी उभे छेद द्या. मूळ कापताना हात कचरेल, पण आत सरळ मुळे पुरेशी असतील तर तेच त्या रोपाच्या हिताचे आहे. पावसाळी हवेत कापातून नवी मुळे फुटतात. सगळीच मुळे वेटोळ्यात असतील तर ते रोप परत करा. ग्राहक मुळे पाहून रोप घेऊ लागला की रोपवाटिकाही मुळांसाठी रोप वाढवू लागतील. सर्वांत मोठा ग्राहक राज्य सरकार आहे, म्हणून हा बदल सरकारच्या पुढच्या निविदेपासून सुरू झाला पाहिजे.